साठीनंतरचा डावा हात

गेल्या दिवाळीत आत्या चार दिवस राहायला आली होती. दुपारची जेवणं आटोपली होती, घरातले पुरुष लवंडले होते आणि मी स्वयंपाकघरात चकल्यांचे डबे भरत बसले होते. ओट्यावर फोन ठेवून पियानोचं एक रेकॉर्डिंग लावलं होतं, अगदी बारीक आवाजात. आत्या लसूण सोलत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"दोघं वाजवतायत का गं?"

"नाही, एकटीच आहे."

"एकटी? म्हणजे बाई?"

"हो. आणि हे वाजवलं तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती."

आत्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी तिची थट्टाच करतेय! तिचंही बरोबरच होतं म्हणा. आत्या आमच्या घरातली एकमेव 'वाजवणारी'. भजनी मंडळात वीस-बावीस वर्षं तिनं पेटी धरली. काळी चारमध्ये सुरू झालेला अभंग भलतीकडे भरकटला, तर एका सुरात सगळ्या बायकांना जागेवर आणायची. पण पेटी वाजवणाऱ्याला सूर काढायला उजवा हातच काय तो मोकळा. डावा जन्मभर भात्याला जुंपलेला. त्यामुळे खाली एक हात वेगळंच काही बोलतोय आणि वर दुसरा हात त्याला उत्तर देतोय, हे ऐकून तिला दोन माणसं वाटली. मी तिला म्हटलं, "तबल्याचं बघ ना, डावीकडे डग्गा, उजवीकडे तबला. तसंच हे. हिचा डग्गा जबरदस्त आहे, एवढंच."

हिचं नाव मेरी लू विल्यम्स. अमेरिकेतली जॅझ आणि ब्लूजची पियानोवादक. जन्म ८ मे १९१०, मृत्यू २८ मे १९८१. तिच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला आज सांगायचंय ते मुख्यतः तिच्या शेवटच्या दहा-अकरा वर्षांतल्या रेकॉर्डिंगबद्दल. म्हणजे साठीनंतरच्या. कारण आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, साठीनंतरची कलाकार म्हटली की शाल, श्रीफळ आणि 'जुन्या आठवणी' एवढंच तिच्या वाट्याला येतं. या बाईनं मात्र साठीनंतर जे वाजवलं, ते ऐकून तरण्या पोरांनी तिच्याकडे शिकायला यावं असं होतं.

आधी जॅझ आणि ब्लूज म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते, नाहीतर तुम्ही पान उलटाल. जॅझ तुम्ही ऐकलेलं आहे! सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर. त्यांच्या १९५१ च्या 'अलबेला'तली गाणी आठवा. त्यातला तो उसळता ट्रम्पेट गोव्याच्या चिक चॉकलेट यांचा. मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवणारे असे गोव्याचे कितीतरी वादक तेव्हा हिंदी सिनेमात वाजवत होते. तर ते जॅझ. आणि ब्लूज हे त्याचं मूळ. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या लेकरांनी शेतात राबताना, रस्ते खणताना जे दुःख गाऊन काढलं, त्यातून ब्लूज आलं. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर नाही का गाऊन काढलं? ब्लूजचा साचा अगदी साधा असतो. चार-चार मात्रांचे बारा खंड, की एक आवर्तन पुरं. पुन्हा पहिल्यापासून. तेच आवर्तन, पण प्रत्येक वेळी नवं काहीतरी सांगायचं. ज्याला सांगण्यासारखं काही नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनातच उघडा पडतो.

मेरी लूचं बालपण पिट्सबर्गमधलं. आई हार्मोनियमसारखा पायपेटीचा ऑर्गन वाजवायची आणि पोरीला मांडीवर घेऊन बसायची. एक दिवस मांडीवरच्या पोरीनं आईनं नुकतंच वाजवलेलं परत वाजवून दाखवलं. पुढे गोऱ्यांच्या वस्तीत राहायला गेल्यावर शेजारी घरावर विटा फेकायचे. मग हीच चिमुरडी त्यांच्या घरी जाऊन पियानो वाजवायला लागली, आणि विटा थांबल्या. परिसरात तिला 'पियानोवाली छोटी मुलगी' म्हणूनच ओळखायचे.

सतराव्या वर्षाच्या आत लग्न. नवरा जॉन विल्यम्स सॅक्सोफोन वाजवायचा. तो अँडी कर्कच्या बँडमध्ये गेला, ही त्याच्यामागून गेली. बँडला पियानोवाला आधीच होता, म्हणून सुरुवातीला हिला काम नाही. त्या दिवसांत तिनं चक्क अंत्यविधी करणाऱ्या एका दुकानाची शववाहिका चालवली! पुढे रेकॉर्डिंगची वेळ आली तेव्हा कंपनीच्या साहेबांनी हिच्याविना वाजवलेला बँड ऐकला आणि हिला बोलावून घ्यायला लावलं. मग ती बँडची पियानोवादकही झाली आणि चाली बांधून देणारी, कुणी कधी काय वाजवायचं ते कागदावर लिहून देणारी अरेंजरही झाली. नोटेशन लिहायला ती तिथंच शिकली. १९३० आणि १९४० च्या दशकांत बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन अशा बड्या बड्या बँडवाल्यांनी तिच्याकडून संगीत लिहून घेतलं. गुडमननं तर फक्त माझ्यासाठीच लिही असा करार पुढे केला, तो तिनं नाकारला.

पण होतं काय, की बँड त्यांचा, रेकॉर्डवर नाव त्यांचं. पडद्यामागे बसून लिहिणारीचं नाव कुणाला ठाऊक? तिच्या 'व्हॉट्स युवर स्टोरी, मॉर्निंग ग्लोरी' या गाण्याचंच बघा. दुसऱ्या कुणाच्या नावावरचं एक फार गाजलेलं गाणं या चालीशी विलक्षण जुळतं, असं जाणकार म्हणतात. मेरी लूलाही ते आपल्याच गाण्यावरून उचललेलं वाटायचं. स्वयंपाक आपण करायचा आणि वाढपी भलताच, हा अनुभव मैत्रिणींनो, आपल्याला काही नवा नाही. फक्त आपल्याकडे त्याची रेकॉर्ड निघत नाही.

आणखी एक. तिचं कौतुक करताना लोक म्हणायचे, की ही पुरुषासारखी वाजवते. त्या डाव्या हातामुळे. म्हणजे हात तिचा, मेहनत तिची, आणि शाबासकी कुणाला, तर पुरुषांना!

१९५४ साली पॅरिसमध्ये एका रात्री ती कार्यक्रम अर्धवट सोडून स्टेजवरून निघून गेली. तिचा पियानोवादक मित्र गार्लंड विल्सन त्याच सुमाराला तिथं वारला होता. सततचे दौरे, पैशांची ओढाताण, आसपासचे एकेक गुणी वादक नशेपायी संपत चाललेले. तिला संगीतच नकोसं झालं. न्यूयॉर्कला परत येऊन तिनं जवळजवळ तीन वर्षं लोकांसमोर वाजवलं नाही. चर्चमध्ये जाऊन तासन् तास बसायची. नशेच्या आहारी गेलेल्या वादकांना घरी आणून ठेवायची, त्यांना रांधून घालायची. त्यांच्यासाठी पैसा उभा करायला तिनं जुन्या कपड्यांचं दुकानही काढलं. १९५७ साली तिनं कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली, आणि त्याच वर्षी धर्मगुरूंच्या आणि मित्रांच्या आग्रहानं न्यूपोर्टच्या महोत्सवात पुन्हा पियानोवर बसली.

इथंपर्यंतची कथा बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते, आणि बहुतेक ठिकाणी इथंच संपते. मला वाटतं, खरी गंमत इथून पुढे आहे.

१९७० मध्ये ती साठीची झाली. त्या काळात जॅझला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, तरुण मुलं रॉकच्या मागे गेली होती. न्यूयॉर्कला बार्नी जोसेफसन नावाचे गृहस्थ 'द कुकरी' नावाचं एक साधं खाण्याचं हॉटेल चालवत होते. चाळीसच्या दशकात त्यांचा मोठा नाइटक्लब होता आणि मेरी लू तिथं वाजवायची. ती त्यांच्याकडे गेली आणि काम मागितलं. त्यांच्याकडे तर पियानोही नव्हता! तिनं तो आणायला लावला. लोक जेवतायत आणि कोपऱ्यात ही वाजवतेय, असं ते सुरू झालं. हळूहळू लोक जेवायला कमी आणि ऐकायला जास्त येऊ लागले. नोव्हेंबर १९७५ मधलं तिथलं रेकॉर्डिंग मिळतं. सोबतीला फक्त एक बास, म्हणजे तो माणसाएवढा उंच, बोटांनी छेडायचा तंतुवाद्याचा प्रकार. तो वाजवणारा ब्रायन टॉर्फ जेमतेम एकविशीचा. ऐकताना कळतं, की आजी त्याला सांभाळून घेत नाहीये. पळवतेय!

जाता जाता सांगते, याच कुकरीत १९७७ साली अल्बर्टा हंटर नावाची ब्लूज गायिका गायला लागली, तेव्हा ती ८२ वर्षांची होती. गाणं सोडून तिनं जवळजवळ वीस वर्षं नर्सचं काम केलं होतं आणि नोकरीसाठी वय बारा वर्षांनी कमी सांगितलं होतं. हॉस्पिटलनं तिला सत्तरीची समजून सक्तीनं निवृत्त केलं, म्हणून ती पुन्हा गाण्याकडे वळली. तिच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

तर मेरी लू. १९७४ मध्ये तिनं 'झोनिंग' नावाची रेकॉर्ड काढली. कुठल्या कंपनीतून? स्वतःच्या. 'मेरी रेकॉर्ड्स' ही तिची स्वतःची छोटी कंपनी, १९६० च्या दशकातच सुरू केलेली. जन्मभर दुसऱ्यांच्या लेबलखाली वाजवून झाल्यावर बाईंनी आपलं लेबल छापलं. पापड-मसाल्यांचा का होईना, स्वतःच्या नावाचा पहिला शिक्का पाकिटावर मारताना कसं वाटतं हे जिनं मारलाय तिलाच कळेल.

'झोनिंग' मला सगळ्यात आवडते. तिथं ती जुन्या लोकप्रिय चालींवर रेलून बसत नाही. सूर तुटक, मध्ये मध्ये मोकळ्या जागा, खाली डाव्या हाताचा एखादा ठेका पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि वर उजवा हात भलत्याच वाटेनं जाऊन येतो. दोन ठिकाणी तर झिटा कार्नो ही शास्त्रीय पियानोवादक तिच्यासोबत दुसऱ्या पियानोवर आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला नीट कळलं नाही, हे कबूल करते. चौथ्या-पाचव्या वेळी कान बसला. पण काहीही नवीन केलं तरी तळाशी ब्लूज आहेच. पुरणपोळी कितीही पातळ लाटा, पुरण पुरणच राहतं, तसं.

दरम्यान तिनं प्रार्थनासंगीतही लिहिलं होतं. चर्चच्या उपासनेला जॅझची चाल! फेब्रुवारी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये तिचं 'मेरी लूज मास' सादर झालं. त्या भल्या मोठ्या चर्चमध्ये तोपर्यंत जॅझ वाजलं नव्हतं. ज्या संगीताला सभ्य माणसं दारूच्या गुत्त्यातलं म्हणत, ते तिनं देवासमोर नेऊन ठेवलं.

आता १७ एप्रिल १९७७. न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल. हा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात ती जिंकली नाही.

सेसिल टेलर नावाचा पियानोवादक होता. तिच्याहून जवळजवळ १९ वर्षांनी लहान. त्याचं वाजवणं म्हणजे वादळ. ना ठरलेला ताल, ना ठरलेली चाल. दोन्ही हातांनी पियानोवर गारांचा पाऊस. कुणी त्याला थोर म्हणायचे, कुणी कानांवर हात ठेवायचे. मेरी लूला हे नव्या पिढीचं अतिमोकळं संगीत एकूण फारसं पटत नव्हतं. तिनं जॅझचं एक झाड चित्रकाराकडून काढून घेतलं होतं, मुळाशी 'दुःख', बुंध्याला ब्लूज, वर पानं. त्या झाडावर अशा नव्या प्रकारांच्या फांद्या निष्पर्ण दाखवल्या होत्या! आणि तरीही, टेलर कुकरीत तिला ऐकायला यायचा, तिलाही त्याच्यात काहीतरी दिसलं, आणि दोघांनी एकत्र वाजवायचं असं ठरलं. दोन पियानो, दोन पिढ्या. कल्पना अशी, की ती स्पिरिच्युअल्सपासून, म्हणजे गुलामांच्या भजनांपासून सुरू करेल, ब्लूज, बुगीवुगी असं एकेक दाखवत जाईल, आणि तो तिच्या धाग्यानं पुढे येईल.

आपल्या भाषेत जुगलबंदी. पण जुगलबंदीत समोरच्याला ऐकावं लागतं. टेलर आपलं वादळच वाजवत राहिला. रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं स्पष्ट ऐकू येतं. ती शांतपणे एखादी जुनी चाल मांडतेय आणि पलीकडून सूर कोसळतायत. ती ठेका घट्ट धरते, डावा हात आणखी खाली जातो, आणखी ठाम होतो. ती आवाज चढवून भांडत नाही, आणि जागाही सोडत नाही. उत्तरार्धात तिच्या ओळखीचे बास आणि ड्रम येतात, तिचे पाय जमिनीला टेकतात. शेवटी ती एकटीच वाजवते, आणि इतक्या गदारोळानंतर तिचे ते मोकळे, निवांत सूर ऐकताना माझ्या तर अंगावर काटा येतो.

कार्यक्रमावर टीका झाली. तीही नाराज झाली. या रेकॉर्डचं नाव काय, माहितेय? 'एम्ब्रेस्ड'. म्हणजे कवेत घेतलेलं!

सदुसष्टीला टेकलेल्या बाईला हे करायची गरज काय होती? जुन्या गाजलेल्या चाली वाजवून टाळ्या घेता आल्या असत्या. फसण्याचा धोका तिनं कळूनसवरून पत्करला. आणि फसल्यावर घरी बसली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती स्टुडिओत होती. 'माय मामा पिन्ड अ रोज ऑन मी' ही ती रेकॉर्ड. जवळजवळ सगळी ब्लूजचीच. सोबत बसला... चुकले, बासला बस्टर विल्यम्स. कुठं बुगीवुगी, कुठं कासवाच्या चालीनं सरकणारा ब्लूज, कुठं कुणाच्या मरणाचा. तेच बारा खंडांचं आवर्तन, पण एक दुसऱ्यासारखं नाही. आणि यात आहे 'व्हॉट्स युवर स्टोरी, मॉर्निंग ग्लोरी'! तीच चाल, जी तिला आपल्या हातून गेल्यासारखी वाटत होती. चाळीस वर्षांनी ती स्वतः वाजवतेय, स्वतःच्या नावानं. त्यात तक्रारीचा सूर शोधला तर मला सापडला नाही.

मग १६ जुलै १९७८. स्वित्झर्लंडमधलं मॉन्ट्रे, तळ्याकाठचं गाव, तिथला संगीत महोत्सव. स्टेजवर फक्त ती आणि पियानो. आत्यानं ऐकलं ते हेच रेकॉर्डिंग. ती भजनांपासून सुरू करते, ब्लूजवर येते, पुढे स्वतःच्या नव्या रचना, 'लिटल जो फ्रॉम शिकागो' ही तिशीच्या आतली आपली चाल. कार्नेगी हॉलमध्ये जी गोष्ट सांगायची राहून गेली, तीच ती इथं एकटी बसून सांगते आहे, असं मला आपलं वाटतं. हे माझं मत. जाणकारांनी वेगळं सांगितलं तर ऐकीन.

त्या सुमाराला ती नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहम गावी राहायला गेली होती. १९७७ पासून तिथल्या ड्यूक विद्यापीठानं तिला नेमलं होतं. कधी कॉलेजची पायरी न चढलेली बाई कॉलेजात शिकवायला! जॅझचा इतिहास शिकवताना ती मुलांना नुसतं लिहून देत नसे, त्यांच्याकडून गाऊन घ्यायची. नियमित नोकरी, स्वतःचं घर, महिन्याच्या महिन्याला पगार, हे तिला सत्तरीच्या उंबरठ्यावर मिळालं. १९७९ मध्ये कॅन्सरचं निदान झालं. तरी जमेल तोवर तिनं शिकवणं आणि वाजवणं सुरूच ठेवलं. १९८० मध्ये आपल्या नावानं एक फाउंडेशन काढलं, लहान मुलांना जॅझ शिकवण्यासाठी. पुढच्या वर्षी मे महिन्यात, एकाहत्तरावा वाढदिवस झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत ती डरहमलाच गेली. तिला पिट्सबर्गला नेऊन पुरलं. १९८३ पासून ड्यूक विद्यापीठात तिच्या नावाचं केंद्र आहे.

ही रेकॉर्डिंगं आता इंटरनेटवर सहज ऐकायला मिळतात. नवशिक्यांनी मॉन्ट्रेपासून सुरुवात करावी, 'झोनिंग' नंतर, आणि 'एम्ब्रेस्ड' घरात कुणी झोपलेलं नसताना.

आत्याला मी हे सगळं सांगितलं, चकल्यांचे डबे भरता भरता. नवऱ्यामागून बँडच्या गाडीत जाणं, शववाहिका, विटा, सगळं. ती मान हलवत होती. संध्याकाळी मी मुद्दाम तिला 'एम्ब्रेस्ड'चा तुकडाही ऐकवला. दोन मिनिटांत तिनं तोंड वाकडं केलं.

भाऊबीज झाल्यावर आत्या गावी गेली. आठवड्यानं फोन आला. इकडचं तिकडचं झालं, गुडघ्याचं झालं, आणि मग म्हणाली, "माळ्यावरची पेटी खाली काढून घेतली शेजारच्या पोराकडून. भाता फाटलाय. दुरुस्त करणारा आहे का गं तुमच्याकडे कुणी?"

मी म्हटलं, बघते.

"आणि ते तुझं गाणं माझ्या फोनवर पाठव. एकटी वाजवते ते. त्या दंगा करणाऱ्या बाबाचं नको."